शेवटची पंधरा मिनिटं

"काकू, मशीनचं चार्जिंग संपलं होतं का?"

तिसऱ्या मजल्यावरची नऊ वर्षांची मुलगी माझ्या दारात उभी होती. हातात हेल्मेट, हनुवटीवर खरचटल्याची लाल रेघ, गुडघ्यावर पार्किंगमधली सिमेंटची धूळ आणि त्या धुळीतून हळूहळू वर येणारे रक्ताचे टिपके. रडून झालं होतं, गालावर ओघळ सुकले होते. आदल्या संध्याकाळी मी याच मशीननं, म्हणजे माझ्या चार्जिंगच्या स्क्रू ड्रायव्हरनं, तिच्या सायकलचं हँडल थोडं मागे फिरवून दिलं होतं. वर्षभरात उंची वाढली, सीट वर घेतली, त्यामुळे हँडल तिला लांब पडायला लागलं होतं. सकाळी पार्किंगच्या उतारावरून खाली येताना तिनं ब्रेक दाबला, अंगाचा भार हातांवर आला आणि हँडल जागच्या जागी फिरून पुढे झुकलं. ब्रेक बोटांखालून निसटले. सायकल खांबाला धडकली, ही बाजूला पडली. वेग फारसा नव्हता म्हणून खरचटण्यावर निभावलं. तिला माझ्यावर चिडायचा पूर्ण हक्क होता. ती चिडली नव्हती. काकूंनी केलेलं काम चुकीचं असू शकतं हे तिच्या मनात आलंच नव्हतं, म्हणून तिनं दोष मशीनवर टाकला होता, आणि मशीनसाठीही एक सबब शोधून ठेवली होती.

"नाही गं," मी म्हटलं, "चार्जिंग भरपूर होतं."

पुढचं वाक्य मला तेव्हा बोलता आलं नाही.

तिचा गुडघा धुतला, मलम लावलं, तिच्या आईला फोन केला. तिची आई म्हणाली, "अहो, मुलं पडायचीच." तरी दिवसभर चुटपुट लागून राहिली. भाजी चिरताना, गॅलरीतले कपडे काढताना तोच प्रश्न परत परत कानात यायचा. आदल्या संध्याकाळी हँडल बसवून झाल्यावर तीच मुलगी मला म्हणाली होती, "काकू, तुम्ही मशीननं लावलंय ना, मग ते आता निघणारच नाही." आणि मी हसून मान डोलावली होती. ती मान डोलावणं मला आता टोचत होतं.

हा छोटा पॉवर स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे दीड वर्षापासून आहे. आकारानं टॉर्चएवढा, वजन हापूसच्या एखाद्या मोठ्या फळाएवढं. आत ३.६ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी, मोबाइलच्याच चार्जरवर चार्ज होते. पुढच्या टोकाला पाव इंची षट्कोनी खाच, तिच्यात हवं ते बिट बसतं. पाठोपाठ आकडे कोरलेली फिरती रिंग. जितका मोठा आकडा लावाल तितका जास्त जोर मशीन देणार. जोर त्या मर्यादेला पोचला की आतला क्लच सुटतो, मोटार फिरत राहते पण बिट थांबतं, आणि टर्रर्र असा आवाज येतो. तो आवाज ऐकला की एक समाधान वाटतं. कुकरची शिट्टी झाली की आपण गॅसकडे जातो ना, तसं बोट आपोआप बटणावरून निघतं.

तो घ्यायचं कारण माझं उजवं मनगट. चार पावसाळ्यांपूर्वी ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरावरून उतरताना एका शेवाळलेल्या वळणावर सायकल घसरली. पडताना माणूस हात पुढे करतोच, तसा मी केला आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. नंतर व्यायाम करून हात बराचसा परत आला, लिहिणं-वाढणं सगळं जमायला लागलं, फक्त पिळायची हालचाल तेवढी दुखरी राहिली. बेडशीट पिळणं, बरणीचं घट्ट झाकण, कुलपातली किल्ली, आणि अॅलन की, म्हणजे षट्कोनी खाचेचे बोल्ट फिरवायची ती वाकडी सळई. अॅलन कीचं दुखणं सायकल दुरुस्त न करणाऱ्याला पटकन कळायचं नाही, म्हणून हिशेबच सांगते. सायकलच्या बाटलीची जाळी, कॅरियर, मडगार्ड या सगळ्यांना लागणारा बोल्ट बहुतेक वेळा ५ मिलिमीटर जाडीचा असतो. एका फेऱ्यात तो ०.८ मिलिमीटर पुढे सरकतो. १६ मिलिमीटर आटे असतील तर २० फेरे. फ्रेमच्या कोपऱ्यात की पूर्ण फिरायला जागा नसते. अर्धा फेरा मारायचा, की काढायची, परत घालायची, परत अर्धा. एका बोल्टला ४० वेळा. मडगार्ड आणि कॅरियर मिळून आठ-दहा बोल्ट. पावसाच्या तोंडावर बिल्डिंगमधल्या पाच सायकलींना मडगार्ड लावायचे असले की रात्री हात उशीवर ठेवून झोपायची वेळ यायची.

सायकलींचं हे वेड २०२० च्या टाळेबंदीतलं. पोरं घरात कोंडलेली, बाल्कनीत वर्षानुवर्षं कपडे वाळत घालायला वापरलेल्या सायकली अचानक खाली आल्या आणि दुकानं बंद. कुणाची चेन गंजून काठी झालेली, कुणाचे ब्रेकचे रबर दगड झालेले. माझी स्वतःची सायकल होती, घरात दोन पाने होते, वेळ होता. एकेक करत शिकले. दुकानं उघडली तरी रविवारी दुपारी पाचपाखाडीतल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बसायची सवय राहिली. ती दुपार मला फार प्रिय आहे. वर कुणाच्या तरी घरी मासे तळल्याचा वास, खाली रबराचा आणि ग्रीसचा. पोरं भोवती उकिडवी बसलेली, प्रत्येकाला काहीतरी धरायला हवं असतं. एक जण नट धरतो, एक वायसर मोजतो, एक फक्त टॉर्च मारायच्या कामावर असतो.

मशीन आलं तेव्हा या पोरांचे डोळे विस्फारले होते. आणि माझ्या मनगटाला जो आराम मिळाला तो शब्दांत सांगणं कठीण आहे. चाळीस वेळा की फिरवायची ते काम दहा सेकंदांत. आत शिरणारा बोल्ट बघत राहावा असा सरळ, न अडखळता जातो. डिस्क ब्रेकची तबकडी सहा बोल्टांनी बसवलेली असते, टी-२५ या चांदणीसारख्या खाचेच्या बोल्टांनी. त्यांच्या आट्यांवर कारखान्यातून निळं चिकट रसायन लावून येतं, सुटू नयेत म्हणून. पहिला हिसका हातानं द्यावा लागतो, 'कट' असा आवाज होतो, आणि मग मशीन लावलं की सहाच्या सहा बोल्ट तळहातावर येऊन पडतात. त्या दिवशी मला अक्षरशः हात परत मिळाल्यासारखं वाटलं होतं. आजही या मशीनबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे, ती मुलगी पडल्यानंतरही.

अर्थात त्याच्या मर्यादा मला ठाऊक होत्या. त्याच्या खोक्यावर जास्तीत जास्त ४ न्यूटन-मीटर लिहिलंय, पिळायचा जोर या मापात मोजतात. पेडल घट्ट करायला ३५ ते ४० लागतात, तिथे हे मशीन लावणं म्हणजे चमच्यानं विहीर खणणं. (आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे तर प्रत्येकानं एकदा उलटं फिरवून शिकायचंच असतं.) फुलीच्या स्क्रूला, ज्याला दुकानात सगळे स्टार म्हणतात, मशीन लावताना मी नेहमीच जपते. हेन्री फिलिप्सनं त्याचं पेटंट १९३६ साली घेतलं. ती निमुळती खाच अशी आहे की जोर वाढला की बिट वर उसळतं आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतं. त्यातही मागच्या डिरेलरवरचे, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागावरचे, दोन बारीक स्क्रू बऱ्याचदा जपानी मापाचे असतात, दिसायला फिलिप्ससारखेच, पण खाच जराशी वेगळी. त्यांच्यात नेहमीचं बिट घातलं की दोनदा चालतं आणि तिसऱ्यांदा डोकं गेलंच. अॅलन बोल्टच्या खाचेत चिखल सुकलेला असतो, तो दाभणानं कोरून काढल्याशिवाय बिट पूर्ण आत बसत नाही आणि वरच्यावर फिरून कोपरे गोल करतं. हे सगळं मी पाळत होते. पोरांनाही सांगत होते.

मग त्या संध्याकाळी चुकलं काय?

रविवारी रात्री मी मशीन जेवणाच्या टेबलावर घेऊन बसले. रिंगकडे बघितलं. रिंग २ वर होती. आणि सगळं समोर आलं. त्या मुलीच्या सायकलआधी मी एका मुलाच्या सायकलला मागचा लाल रिफ्लेक्टर लावला होता. प्लॅस्टिकचा. जास्त जोर दिला तर तडकतो, म्हणून रिंग २ वर आणली होती. ती तशीच राहिली. हँडल धरणारे चार बोल्ट मी त्याच आकड्यावर लावले. चारही वेळा टर्रर्र झालं. आवाज तोच. रिफ्लेक्टरला जो आवाज आला तोच हँडलला आला, आणि माझ्या कानानं तो घट्ट झाल्याचा आवाज म्हणून मान्य केला. दुसरी चूक त्याहून मोठी. हँडल पुढून दाबून धरणारी जी चौकोनी पट्टी असते तिचे चारही बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून, तिरपे घ्यायचे असतात, म्हणजे पट्टीच्या वरची फट आणि खालची फट सारखी राहते. मी आधी वरचे दोन पूर्ण नेले, मग खालचे. मशीन हातात असलं की बोल्ट एकदम शेवटपर्यंत जातो, मध्ये थांबायचं सुचत नाही. वरची फट मिटली, खालची आ वासून राहिली, पट्टी तिरकी झाली आणि खालचे बोल्ट वाकड्यात अडकून लवकर थांबले. हातानं केलं असतं तर दुसऱ्याच फेऱ्याला मनगटाला कळलं असतं की काहीतरी अडतंय. दुखऱ्या मनगटालासुद्धा कळलं असतं.

कदाचित दुखऱ्यालाच जास्त.

त्या रात्री मला आईची फार आठवण आली. चरईतल्या आमच्या दोन खोल्यांत खिडकीपाशी तिचं पायमशीन होतं. आजूबाजूच्या बायकांचे ब्लाउज, साड्यांचे फॉल, शाळेचे स्कर्ट. जूनमध्ये आणि दिवाळीत घरभर चिंध्या. मशीनच्या खणात एक पितळी टोपण, खडूचे तुकडे आणि करंगळीएवढा एक स्क्रू ड्रायव्हर असायचा. आमच्याकडे आणि कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे त्याला डिस्मिस म्हणत. सायकलवाल्याचा डिस्मिस हातभर लांब, लाकडी मुठीचा, प्रसंगी छिन्नीसारखाही चालायचा. आईचा इवलासा. तो फक्त एका कामाचा, बॉबिनच्या डबीवरचा बारीक स्क्रू फिरवायचा. आई डबीतून दोरा बाहेर ओढायची, दोऱ्याचं टोक चिमटीत धरून डबी हवेत लोंबकळत सोडायची. डबी आपोआप खाली घसरली तर दोरा सैल. हाताला हलकासा झटका दिल्यावर दोन बोटं खाली आली आणि थांबली तर बरोबर. झटका देऊनही हलली नाही तर फार घट्ट. मग ती तो इवला डिस्मिस स्क्रूत ठेवायची आणि म्हणायची, "पाच मिनिटं." घड्याळाचा मोठा काटा पाच मिनिटांत जेवढा सरकतो तेवढंच फिरवायचं. पुन्हा डबी लोंबकळत सोडायची. पुन्हा झटका. मला वाटायचं हा काहीतरी खेळ आहे. ती मला डबी धरायला द्यायची आणि विचारायची, "काय म्हणतेय?" डबी काही म्हणत नसे, पण बोटांत एक ओढ जाणवायची, आणि हळूहळू मला सांगता यायला लागलं, "अजून पाच मिनिटं, आई."

मी दहावीत असताना तिनं त्या मशीनला मोटार बसवून घेतली. पाय सुजायचे तिचे. मोटार बसवायला माणूस आला तेव्हा शेजारच्या चार जणी बघायला जमल्या होत्या. पहिले काही दिवस मात्र कापडाखाली दोऱ्याचा गुंता व्हायचा, सारखा उसवायला लागायचा. आणि एकदा सुई तिच्या बोटाच्या नखातून आरपार गेली. मी किंचाळले होते, ती नाही. तिनं मोटारीचं बटण बंद केलं, डाव्या हातानं… नाही, दुखरं बोट डाव्या हाताचं होतं, उजव्या हातानं मशीनचं चाक स्वतःकडे हळूहळू फिरवलं आणि सुई वर काढली. त्या दुपारी हळदीनं बांधलेल्या बोटानिशी ती परत बसली. आणि तेव्हापासून तिची एक पद्धत ठरली, ती मशीन विकेपर्यंत… नाही, ते आम्ही विकलं नाहीच, ती असेपर्यंत ती टिकली. सुरुवातीला दोऱ्याची दोन्ही टोकं धरायची, चाक हातानं फिरवून सुई कापडात उतरवायची, पहिला टाका हाताचा. मग मोटार, सरळ लांबलचक शिवण, खर्रर्र. काखेचं वळण किंवा शेवट दोन बोटांवर आला की पाय काढून घ्यायची आणि उरलेले टाके पुन्हा चाक फिरवून. कुणी घाईत असलं, "ताई, होऊ दे ना लवकर, लग्नाला जायचंय," म्हणालं, तरी ते शेवटचे टाके तिनं कधी मोटारीवर सोडले नाहीत.

मला हे सगळं माहीत होतं. माझ्या डोळ्यांसमोर हजार वेळा झालेलं होतं. डिरेलरच्या त्या दोन स्क्रूंना, एच आणि एल लिहिलेल्या, मी मशीन लावत नाही ते आईमुळेच. चेनला कुठपर्यंत जाऊ द्यायचं हे ते स्क्रू ठरवतात. एल लिहिलेला थोडा जरी जास्त सैल पडला तर सगळ्यात हलक्या गिअरवर चेन मोठ्या दातऱ्यावरून उतरून चाकाच्या तारांत शिरते. तिथे मी हातानंच फिरवते, मनात म्हणते पाच मिनिटं, पेडल फिरवून बघते, परत पाच मिनिटं. पण हँडलच्या त्या चार बोल्टांपाशी मी तिचं शिकवणं विसरले. पोरं भोवती होती, अंधार पडत होता, मशीन हातात सुरेख चाललं होतं. चालणाऱ्या गोष्टीचा एक आनंद असतो, त्यात वाहून गेले. मला या गोष्टीचं जास्त वाईट वाटतं की त्यानंतर मी हँडल दाबूनसुद्धा बघितलं नाही. पुढचं चाक गुडघ्यांत धरून, हँडलवर अंगाचा भार टाकून बघायला दहा सेकंद लागतात. इतर वेळी मी ते करते. त्या दिवशी टर्रर्र आवाजावर विसंबले.

पुढचा बरासा आठवडा मी घट्टपणा मोजायचा कसा यात घालवला. हँडलच्या त्या पट्टीवर बारीक अक्षरांत ५ न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं, डोळे बारीक केले तर दिसतं. आमच्या मशीनचा जास्तीत जास्त जोरसुद्धा ४. म्हणजे रिंग बरोबर असती तरी शेवटचा फेरा हाताचाच लागला असता. पण माझा हात तरी किती देतो? मनगट मोडल्यापासून माझा माझ्या जोरावर नीटसा भरवसा राहिलेला नाही. कधी वाटतं पुरेसं झालं, आणि ते दुखलं म्हणून वाटलेलं असतं. टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून देणारे पाने, मिळतात, चांगले मिळतात, एक मागवलाही आहे. पण तो यायच्या आधी मला घरातच एक उपाय सापडला. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा वजनकाटा. न्यूटन-मीटरचा हिशेब तसा सोपा आहे. जोर गुणिले अंतर. एक किलो वजनाचा ओढा जवळपास १० न्यूटन. बोल्टच्या मध्यापासून १० सेंटिमीटरवर ५ किलोचा ओढा काटकोनात दिला की झाले ५ न्यूटन-मीटर, केसाएवढे कमी. लांब दांड्याची अॅलन की घेतली, पट्टीनं १० सेंटिमीटर मोजून तिथे चिकटपट्टीचे चार वेढे दिले म्हणजे हुक घसरणार नाही, आणि काटा लावून माझ्याच सायकलवर ओढून बघितलं. पाच किलो म्हणजे तांदळाची लहान पिशवी उचलल्यासारखा ओढा. माझ्या मनगटाला जे 'पुरेसं' वाटत होतं ते साडेतीनच्या आसपास भरलं.

साडेतीन. आणि मला वाटत होतं माझा हात ओळखतो.

काटा बघून मी बराच वेळ पार्किंगमध्ये तशीच बसले. मशीननं फसवलं, हातावर विसंबायला हवं होतं, असं मनातल्या मनात म्हणत आठवडा काढला होता, आणि आता हातही कमीच देत होता. आईची डबी आठवली. तीसुद्धा नुसत्या अंदाजावर कुठे जायची? लोंबकळत सोडून, झटका देऊन, डबीलाच विचारायची. आपल्या बोटांना काय वाटतं ते तिनं कधी शेवटचं धरलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मी ती मुलगी खाली आली तेव्हा तिला हाक मारली. गुडघ्यावर खपली धरली होती, ती सोलायच्या बेतात होती. सायकल तिनं आठवडाभर चालवली नव्हती. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी चार्जिंग संपलं नव्हतं. मशीनचंही काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. मी आकडा बदलायचा विसरले आणि नंतर तपासलं नाही." तिनं माझ्याकडे बघितलं. मुलं अशा वेळी फार वेळ घेत नाहीत. "मग आता कसं करायचं?" म्हणाली, आणि उकिडवी बसली.

चारही बोल्ट काढले. आट्यांवर पावसाळी हवेनं तांबूस गंज धरायला सुरुवात झाली होती. ठाण्यात जून लागला की लोखंडाला हे होतंच. जुन्या टूथब्रशनं घासले, प्रत्येकाला काडीच्या टोकाएवढं ग्रीस लावलं. मग पहिला बोल्ट तिच्या बोटांत दिला. "उलटा फिरव आधी." तिला वाटलं मी चुकून बोलले. डावीकडे, हळू, नुसता टेकवून. एका फेऱ्याच्या आत बोल्ट आपल्या खाचेत किंचित खाली बसतो, बारीकसा 'टक'. कानाला ऐकू येईलच असं नाही, बोटांना येतो. आटे आट्यांसमोर आल्याची ती खूण. तिथून सरळ फिरवायला लागलं की बोल्ट वाकडा शिरत नाही. तिला तो टक तिसऱ्या प्रयत्नात सापडला. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी खूप वर्षांनी बघत होते, किंवा कधीतरी माझ्या चेहऱ्यावर कुणीतरी बघितलं असेल.

चारही बोल्ट तीन-तीन फेरे बोटांनी घेतले. मग मशीन, रिंग २ वर, या वेळी मुद्दाम. त्याचं काम एवढंच की बोल्ट पट्टीला टेकेपर्यंत न्यायचा. टेकला की थांबायचं. ती बटण दाबायची, मी थांब म्हणायचे. पोस्टकार्डाची घडी करून वरच्या फटीत घातली, खालच्या फटीत घातली, दोन्हीकडे सारखी जाईपर्यंत थोडं इकडे, थोडं तिकडे. मग की तिच्या हातात दिली आणि सांगितलं, पाच मिनिटं. तिला कळेना. घड्याळ दाखवलं, मोबाइलवरचं नव्हे, माझ्या मनगटावरचं, काट्यांचं. तिनं मोठ्या काट्याकडे बघितलं, कीकडे बघितलं, आणि वरच्या डाव्या बोल्टला पाच मिनिटं दिली. मग तिरपा, खालच्या उजव्याला. मग वरचा उजवा, खालचा डावा. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वळशाला तिचे ओठ आवळले गेले, मान एका बाजूला झाली. "काकू, आता जड येतंय."

"येऊ दे. अजून पाच."

बाकीची पोरं एव्हाना जमली होती. टॉर्चवाल्यानं आपली जागा घेतली होती. काटा हुकाला लावून मी तिच्या हातात दिला आणि की कशी काटकोनात ओढायची ते दाखवलं. ती आकडे मोठ्यानं वाचत ओढू लागली. चार पॉइंट एक. चार पॉइंट चार. हात थरथरत होता, आकडा मागेपुढे होत होता, आणि तिच्याबरोबर आजूबाजूची सगळी पोरं मोजत होती. पाच. दुसरा बोल्ट, पाच. तिसरा. चौथ्याला की सरकली, तिनं स्वतःच परत बसवली, कुणी सांगायच्या आधी.

मग मी पुढचं चाक गुडघ्यांत धरलं. तिनं दोन्ही हात हँडलवर ठेवले, टाचा उचलल्या आणि सगळा भार टाकला. हँडल हललं नाही. तिनं पुन्हा टाकला, या वेळी उडी मारून. मग की माझ्या हातात ठेवून म्हणाली, "आता तुम्ही पण एकदा बघा."

मी चाक तिच्या गुडघ्यांत दिलं आणि बघितलं.